भांड्यातला भूगोल

मराठी घरात पाहुण्यांसाठी चहाच्या आधी एक वाक्य तयार असतं. पाहुणे येतात, चपला दाराशी काढतात, पाणी पितात, यंदाच्या पावसाचं बोलणं होतं आणि मग त्यांच्यातलं कुणीतरी अवघडून उठत म्हणतं, "जरा जाऊन येतो." त्याबरोबर घरातली बाई त्यांच्याही आधी उठते, दिवा लावते, आत पटकन एक नजर टाकते आणि म्हणते, "आमच्याकडे बोअरचं पाणी आहे हो."

पाहुण्यांनी पाण्याबद्दल चकार शब्द काढलेला नसतो. पण हे वाक्य म्हणजे अटकपूर्व जामीन असतो. आत गेल्यावर कमोडमध्ये जे काही पिवळं-तपकिरी दिसेल त्याचा आळ आपल्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पाहुणेही जाणते असतात. बाहेर आल्यावर त्याबद्दल ते काही बोलत नाहीत. बोलतात ते परतीच्या रिक्षात. "घर छान आहे हो, हवेशीर आहे, पण..." त्या "पण"च्या पुढचा मजकूर रिक्षावाल्यालासुद्धा कळतो.

लग्नाच्या बोलण्यांत तर याची रीतसर व्यवस्था असते. मुलाचं घर बघायला मुलीकडचे निघतात तेव्हा कामं वाटून घेतलेली असतात. काकांनी गॅलरी, पार्किंग आणि कर्जाचे हप्ते बघायचे. आईने ओटा बघायचा. आत्याने फक्त हात धुवायला जायचं. बेसिन बाहेरच्या खोलीत असतं, तरी आत्या आत जाते. ती परत आली की मुलीची आई तिच्या चेहऱ्याकडे बघते आणि पोह्यांची बशी खाली ठेवते. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, पगार चांगला, सगळं खरं. पण भांडं?

या सगळ्या प्रकारात मला बाजू घ्यायची आहे ती दिवा लावणाऱ्या बाईची. कारण बोअरचं पाणी ही सबब नाही. ते शुद्ध भूगर्भशास्त्र आहे, आणि त्या एका वाक्यात तिने जे सांगितलं ते आत्याला समजलं असतं तर पुष्कळ लग्नं जमली असती.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यातून हा दगड झाला. पावसाचं पाणी खाली येताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि दगडाच्या भेगांतून झिरपत जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बरोबर नेतं. आपण शेकडो फूट खाली भोक पाडून तेच पाणी मोटारीने वर खेचतो, गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि फ्लशमधून भांड्यात सोडतो. तिथे त्यातला वायू उडून जातो, थोडं पाणी वाळतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी, कडेला चिकटून बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्षारांमुळे येणारा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलं आहे. म्हणजे 'चालवून घेणे' हा आपला राष्ट्रीय गुण सरकारी मानकातही आहे.

आता दादरच्या मावशी घ्या. त्यांच्या घरातला कमोड वीस वर्षांचा आहे आणि पांढराशुभ्र आहे. त्या वाघोलीला भाचीकडे येतात, आत जाऊन येतात आणि म्हणतात, "मी आठवड्यातून एकदा हात फिरवते, बास." मावशींच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण मुंबईला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून. पावसाचं साठवलेलं पाणी, दगडाशी फारशी ओळख न झालेलं. मावशींच्या कमोडचं तेज हे भातसा धरणाचं कर्तृत्व आहे. पुण्यातही तेच. खडकवासल्याचं पाणी पिणारे पेठेतले लोक टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या उपनगरातल्या नातेवाइकांना स्वच्छतेचे धडे देतात. भाचीला मावशींच्या घरी आणि मावशींना वाघोलीला सहा महिने ठेवलं तर दोघींची मतं बदलतील, पण मराठी माणूस एवढ्या टोकाचा प्रयोग करत नाही.

डाग कुठे पडलाय त्यावरून घराची निम्मी कुंडली मांडता येते. पाण्याच्या पातळीवर गोल कडं असेल तर पाणी जड आहे आणि मंडळी मे महिन्यात गावाला गेली होती. घर बंद असताना भांड्यातलं पाणी आटत राहतं आणि क्षार मागे ठेवून जातं. मागच्या बाजूने उभा ओघळ आला असेल तर फ्लशच्या टाकीतला वॉशर गेलाय, रात्रंदिवस बारीक धार लागलीय, आणि घरातला कर्ता पुरुष "रविवारी बघतो" म्हणतोय. ओघळ जितका रुंद तितके रविवार जास्त. रंग तांबूस असेल तर पाण्यात लोह आहे. क्षार मुळात पांढरेच असतात, पण त्यांचा पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र असतो. त्यात लघवीतले फॉस्फेट, पाण्यातलं लोह, जे जे वाटेने जाईल ते ते अडकत जातं आणि मग तो प्रसिद्ध रंग येतो. थोडक्यात, आपण ज्याला घाण म्हणतो तो दगड आहे. त्यावर साबण घासून उपयोग नाही. जड पाण्यात साबणाचाच चिकट थर बसतो, म्हणजे दगडाला वर गिलावा.

हाच दगड गिझरच्या कॉइलवर बसतो, शॉवरची भोकं बुजवतो, नळाच्या जाळीत साठतो. गिझर बिघडला की मेकॅनिक कॉइल काढून दाखवतो, त्यावर बोटभर जाड पांढरा थर असतो, आणि घरातले सगळे पाण्याला शिव्या देतात. त्या घरच्या बाईला कुणी नावं ठेवत नाही. कमोडमध्ये मात्र तोच थर तिच्या वळणाचा पुरावा ठरतो.

गंमत अशी की आम्लाने काय होतं हे मराठी स्वयंपाकघराला कुणी शिकवायची गरज नाही. देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासली जातात. पितळी समईला लिंबाची साल लागते. कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली जाते. एवढं सगळं रसायनशास्त्र संडासाच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. देवाच्या भांड्याची चिंच कमोडला लावायची कशी? ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व या कामाला उत्तम आहे, ते म्हणजे शुद्ध सायट्रिक ॲसिड. पण त्या डब्यातला चमचाभर जरी त्या खोलीत गेला तरी सगळा डबा बाटला, आणि पुढचा ढोकळा कितीही हलका झाला तरी सासूबाई त्याला हात लावणार नाहीत. "आमचं आम्ही बघू" म्हणून त्या चहा-खारी घेतील.

मग सुरू होतात बाहेरचे उपाय. मोबाइलवरच्या एक ताई खाण्याचा सोडा टाकतात, त्यावर व्हिनेगर ओततात, आणि धो धो फेस येतो. आपल्याकडे फेसाला फार मान आहे. फेस आला म्हणजे काम चाललंय असा ठाम समज आहे, आणि ताई तर जोडीला पार्श्वसंगीत लावतात. वस्तुस्थिती अशी की सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना भिडतात आणि एकमेकांनाच संपवतात. खाली उरतं मिठासारखं एक निरुपद्रवी द्रावण. दगड जागच्या जागी बसून हा कार्यक्रम बघत असतो. नुसतं व्हिनेगर ओतलं असतं तर निदान त्याला काही झळ पोचली असती. आमचे एक नातेवाईक इनोच्या पुड्या टाकतात. तिथे तर सोडा आणि सायट्रिक ॲसिड कंपनीनेच एकत्र करून दिलेले असतात, त्यामुळे भांडण पुडी फोडण्याआधीच ठरलेलं असतं. दुसऱ्या एका काकांचा कोलावर विश्वास आहे. कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, पण ते इतकं थोडं की दगड विरघळेपर्यंत काकांचा मधुमेह वाढेल, कारण बाटलीतलं निम्मं ते स्वतः पितात.

पुरुषांच्या हाती हे काम आलं की रसायनशास्त्र संपतं आणि सुतारकाम सुरू होतं. स्क्रूड्रायव्हर, जुनं ब्लेड, पॉलिश पेपर, एका घरात तर कानस. दगड निघतो, हे मान्य. पण त्याच्याबरोबर भांड्याची चकाकीही निघते. कमोडवरचा तो गुळगुळीत थर म्हणजे काचेचा लेप असतो. त्याला एकदा ओरखडे पडले की पुढचा क्षार तिथेच घट्ट बसतो. पराक्रमानंतर महिन्याभरात डाग परत येतो, आधीपेक्षा देखणा, ओरखड्यांची नक्षी घेऊन.

आणि मग, सगळे देव करून झाल्यावर, ॲसिड.

आमच्या भागात रविवारी सकाळी सायकलवर एक गृहस्थ येतात. "फिनेल, ॲसिड, ब्लिचिंग" ही त्यांची आरोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचते आणि गॅलऱ्यांमधून बायका डोकावतात. सायकलला दोन्ही बाजूंनी कॅरेट बांधलेले असतात आणि त्यांत बाटल्या. बाटल्यांचा पूर्वजन्म स्पष्ट दिसतो: काही शीतपेयाच्या, काही सरबताच्या, आणि काही अशा की ज्या घेऊन जिन्याने वर जाताना भल्या माणसाला चारचौघांत लाज वाटावी. झाकणाला प्लॅस्टिकचा कागद आणि रबर. लेबल नाही. कारखान्यातून निघतं तेव्हा हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण तीस टक्क्यांचं असतं. सायकलवर येईपर्यंत त्यात किती पाणी मिसळलं हे फक्त त्या गृहस्थांना आणि त्यांच्या नळाला ठाऊक. म्हणून एक बाटली नुसती वास देते आणि दुसरी मोरीचा पत्रा खाते.

दुकानात जाऊन ॲसिड आणायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं नाव-पत्ता वहीत लिहायचा, सरकारी ओळखपत्र बघायचं, कशासाठी घेतोय ते नोंदवायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. त्या याचिकेमागची कहाणी अंगावर काटा आणणारी आहे आणि नियम हवेतच. गंमत आहे ती कारणाच्या रकान्याची. दुकानदार विचारतो, "कशाला पाहिजे?" समोर ओळखीच्या काकू उभ्या असतात. निवृत्त मुख्याध्यापक घसा खाकरून "गृहोपयोगी" म्हणतात. दुकानदार मान डोलावून मोठ्या अक्षरांत 'संडास' लिहितो आणि आधार कार्डाची प्रत शेजारी टाचतो. मुख्याध्यापकांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांच्या नावापुढे एवढी स्पष्ट नोंद कुणी केलेली नसते.

खरं तर कारण लिहायला लागतंय म्हणून आणि सायकलवर कुणी काही विचारत नाही म्हणूनच लोक सायकलीकडे वळतात. हा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शीतपेयाच्या बाटलीतलं ॲसिड, मोरीच्या कोपऱ्यात, चार वर्षांच्या नातवाच्या हाताला येईल अशा उंचीवर: असं दृश्य मी इतक्या सुशिक्षित घरांत बघितलंय की मोजत नाही.

ॲसिड ओतण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा असतो. घरातले गृहस्थ लुंगी वर खोचतात, तोंडाला पंचा बांधतात, घरच्यांना "कुणी इकडे यायचं नाही" असं बजावतात, आणि हात लांब करून, मान फिरवून, अंदाजाने ओततात. भांड्यातून चर्र आवाज येतो. पांढरा धूर उठतो, डोळ्यांत जातो, घशात उतरतो. चुनखडीवर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हा फेस, आणि हा फेस मात्र खरा. पण बराचसा माल भांड्यातल्या पाण्यात पडतो, तिथे पातळ होतो आणि पुढच्या फ्लशला सरळ ड्रेनेजची वाट धरतो. मान फिरवून ओतलेले चार थेंब भांड्याबाहेर पडतात. जमीन शहाबादी असेल तर तिथेही बारीक फसफस ऐकू येते, कारण शहाबादीही चुनखडीचाच दगड. कोटाही तोच. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट, दोन्हीही ॲसिडला प्रिय. फरशी पुसली तरी थेंब पडला होता तिथे रुपयाएवढा फिका, खडबडीत डाग राहतो आणि तो घर विकेपर्यंत जात नाही. टाइल्समधलं सिमेंट भुसभुशीत होतं. नळाचं क्रोमियम काळं पडतं. दाराची ॲल्युमिनियमची कडी पांढरी फुटते. स्टीलच्या जाळीला गंज धरतो.

त्या सबंध खोलीत ज्याला ॲसिडने काहीही होत नाही अशी एकच वस्तू असते: कमोड. काचेच्या लेपाला हायड्रोक्लोरिक ॲसिड चाटूनही जात नाही. जे साफ करायला गेलो ते सोडून बाकी सगळं खाल्लं गेलं, असा हिशेब शेवटी लागतो.

बाजारातल्या निळ्या क्लीनरमध्येही हेच ॲसिड असतं, दहा टक्क्यांच्या आसपास. हार्पिक हे नाव ज्याने ते बनवलं त्या हॅरी पिकअप या इंग्रज गृहस्थाच्या नाव-आडनावाची सुरुवातीची अक्षरं जुळवून झालेलं आहे. कमोडमुळे अजरामर होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. पण त्या बाटलीत आपण खरे पैसे मोजतो ते ॲसिडसाठी नाही, दाटपणासाठी. ते दाट असतं म्हणून उतारावर रेंगाळतं, दगडाला चिकटून बसतं आणि त्याला काम करायला वेळ मिळतो. वाकडी मान आहे ती कडेच्या आत, वरच्या भोकांपर्यंत पोचायला. त्या भोकांतही क्षार भरतो; ती बुजली की फ्लशचा जोर कमी होतो आणि जोर कमी झाला की डाग वाढतात. निळा रंग एवढ्यासाठी की कुठे लावलं आणि कुठे राहिलं ते दिसावं. एवढा विचार करून बनवलेली वस्तू आपण घेतो, घाईघाईने दोन पिचकाऱ्या मारतो, लगेच फ्लश ओढतो आणि म्हणतो, "हल्ली यात दम राहिला नाही."

दम हवा म्हणून पुढची पायरी येते, आणि ती सगळ्यांत वाईट. ॲसिडने गेलं नाही, मग वरून ब्लिचिंग पावडर. दोन जहाल गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट जहाल होतात हा हिशेब मिरचीच्या ठेच्याला लागू आहे, इथे नाही. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. त्यांना त्यासाठी हजारो नळकांडी आणि अनुकूल वारा लागला होता. आपण तो चार बाय सहाच्या बंद खोलीत, एक्झॉस्ट पंखा बंद असताना, दोन मगांत तयार करतो. दार लावून आत बसलेल्या माणसाचा श्वास कोंडायला तेवढं पुरेसं असतं. बाटलीवर ही सूचना छापलेली असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला चष्मा लागतो, आणि धुरात जाताना काच खराब होईल म्हणून चष्मा बाहेर काढून ठेवलेला असतो.

एवढी सगळी दगदग, धूर, फरशीचा नाश आणि नळाचा बळी, हे आपण का करतो? माझं मत असं की आपण ॲसिड विकत घेतो ते डाग काढायला नाही, अंतर ठेवायला. ॲसिडला वाकावं लागत नाही. हात लांब करून ओतलं, दार लोटलं, काम झालं. ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसून, भांड्यात डोकं घालून, कडेच्या आत नेमका कुठे दगड बसलाय ते बघायचं, हे घरात कुणालाच करायचं नसतं. कामवाल्या ताईंना ठरवताना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, "झाडू, पोचा, भांडी. संडास नाही." आणि त्यांचं काहीच चुकत नाही. मग त्यासाठी "वेगळा माणूस" बोलावला जातो, आणि हा वेगळा माणूस कोणत्या वस्तीतून येतो, त्याला पाणी कोणत्या पेल्यात दिलं जातं, हे आपल्या पुरोगामी सोसायट्यांत कुणी मोठ्याने विचारत नाही. १९३२ साली गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम मलाही करू द्या म्हणून उपोषण धरलं होतं, आणि त्यांच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही. त्याच रत्नागिरीहून आलेले आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा अप्पासाहेबांबद्दल फार भक्तिभावाने बोलतात. त्यांच्या घरी ब्रश मात्र पायाने सरकवला जातो.

वास्तविक दगडाला हवं असतं ते जहाल आम्ल नाही, साधं आम्ल आणि भरपूर वेळ. ज्या कॅल्शियमला जमिनीत नुसत्या पावसाच्या पाण्याने विरघळवलं, त्याला भांड्यातून उठवायला तीस टक्के कशाला पाहिजेत? पण त्यासाठी ॲसिड आणि दगड यांची गाठ पडली पाहिजे, मधे पाणी नको. म्हणून आधी भांड्यातलं पाणी घालवायचं. हे काम बादलीने होतं: अर्धी बादली पाणी उंचावरून एका दमात भपकन ओतलं की उरलेलं पाणीही ओढलं जातं आणि पातळी खाली जाते. राहिलेलं ब्रशने आत ढकलायचं. मग कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवायचं. उकळतं पाणी नको, भांड्याला तडा जाईल. टिश्यू पेपर किंवा जुन्या धोतराच्या चिंध्या त्यात बुडवून कड्यावर लेप दिल्यासारख्या चिकटवायच्या आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी चिंध्या उचलून कचऱ्यात टाकायच्या, फ्लशमध्ये नाही, आणि ब्रश मारायचा. पातळ थर पहिल्या रात्रीत जातो. जुना थर असेल तर दोन-तीन रात्री लागतात.

आणि खरी अडचण इथे आहे. "रात्रभर सोडून द्यायचं" हे लिहिणाऱ्याच्या घरी नक्की दोन संडास असतात. एका संडासाच्या घरात रात्र असा काही प्रकार नसतो. दहाला मुलगा, साडेअकराला सून, आणि बारानंतर आजोबा दर दीड तासाने, प्रोस्टेटच्या वेळापत्रकाप्रमाणे. पाच वाजता आजी, कारण त्यांचं पोट साफ होणं हा कुटुंबाचा सार्वजनिक प्रश्न आहे. चिंध्या लावून ठेवल्याची बातमी आजोबांना रात्री दोन वाजता, अंधारात, स्वतःच लागते. त्यानंतरचा संवाद छापण्यासारखा नसतो. अशा घरांनी दुपारची वेळ धरावी. मुलं शाळेत, माणसं कामावर, आजी-आजोबा ज्येष्ठ नागरिक संघात. बारा ते पाच भांडं मोकळं सापडतं. संघाची वार्षिक सहल असेल तर तो सुवर्णयोग समजावा.

गावाकडे किंवा बंगल्यात सेप्टिक टँक असेल तर सायकलवरच्या बाटल्या ओतण्याआधी आणखी एक विचार करावा. टाकीतले जिवाणू मैला कुजवण्याचं काम फुकट आणि निमूटपणे करत असतात. त्यांच्या अंगावर दर रविवारी ॲसिड पडलं तर ते काम सोडतात, आणि मग बोलवावी लागणारी गाडी ढोकळ्याच्या पुडीपेक्षा पुष्कळ महाग पडते.

तेव्हा वाण्याकडे जाल तर लिंबूसत्त्वाची एक पुडी वेगळी आणा, तिच्यावर ठळक अक्षरांत 'ढोकळ्याचं नव्हे' असं लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवूच नका. मोरीच्या कोपऱ्यात शीतपेयाच्या बाटलीत काही ठेवलं असेल तर आज उठून ती उंचावर, कुलपात ठेवा, उद्या नाही. फ्लशच्या टाकीतला वॉशर या रविवारी बदला, नाहीतर चिंध्यांचा कार्यक्रम दर महिन्याला करावा लागेल. भांड्यात कुठलंही आम्ल टाकाल त्या दिवशी ब्लिचिंगच्या डब्याला हात लावू नका, खिडकी उघडी ठेवा आणि पंखा लावा. आणि ब्रश एकट्या बाईच्या हाती देऊ नका, ज्याची पाळी असेल त्याने खाली वाकावं.